पेनेलोपीच्या हातात सुया नव्हत्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत मुलींच्या परदेशी नावांवर लेख होता. नातीने तो मला मुद्दाम वाचून दाखवला, कारण त्यात तिच्या आवडत्या ‘ब्रिजर्टन’ मालिकेतली पेनेलोपी होती. लेख आवडला. सोबतचं चित्र मात्र मनाला लागलं. ग्रीक पेनेलोपी खुर्चीत बसून दोन सुयांनी स्वेटर विणते आहे आणि पायाशी लोकरीचा गुंडा पडला आहे.

आपण मराठीत स्वेटरही विणतो आणि लुगडंही विणतो, त्यातून हा घोळ झाला असावा. होमरच्या ‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीक महाकाव्यातली पेनेलोपी मागावर कापड विणते. नवरा युद्धावर गेलेला, २० वर्षं घरी परतलेला नाही, आणि लग्नाची मागणी घालणारे १०८ पुरुष घरात ठाण मांडून बसलेले. म्हाताऱ्या सासऱ्यांचं कफन विणून झालं की उत्तर देते, असं सांगून ती दिवसा विणते आणि रात्री मशालीच्या उजेडात उकलते. तीन वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. चौथ्या वर्षी एक दासी चुगली करते.

मी नागपूरच्या तांडापेठेतल्या विणकराची मुलगी. आमच्या घरी खड्ड्याचा माग होता, बाबा करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या काठाची लुगडी विणायचे. बारा-तेरा वर्षांची असताना माझ्याकडून काठ चुकला आणि बाबांनी वीतभर कापड उकलायला लावलं. बाण्याचा, म्हणजे आडवा, एकेक धागा मागे ओढायचा, ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, धक्का लागू द्यायचा नाही. खळ निघून जाते, धाग्याला केस सुटतात, एखादा पटकन तुटतो. “हळू ओढ बाई, ताणा तुटला तर तूच बांधशील,” बाबा मागून म्हणत होते. संध्याकाळपर्यंत माझी बोटं सुजली. सुयांवरचं विणकाम टोक ओढलं की सरसर सुटतं, मागावरचं तसं सुटत नाही. आणि ही बाई ते रात्रीच्या अंधारात, तीन वर्षं करत होती. सकाळी तोच ताणा पुन्हा विणण्याजोगा राहिला पाहिजे, ही काळजी वेगळीच. ते चित्र पाहिल्यापासून माझ्या डोक्यात हेच घोळतंय.

आपल्या लेखात तिला ‘वाट पाहणारी पतिव्रता’ म्हटलं आहे. वाट तिने पाहिलीच, पण डोकं आणि हात चालवत पाहिली. तिच्या नावाचा संबंधही बरेच अभ्यासक बाण्याच्या धाग्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दाशी जोडतात (काही जण एका बदकाच्या नावाशी जोडतात). पुढे हे नाव ज्यांनी वापरलं त्यांनी ही हुशारी बरोबर उचलली आहे. १९६५ च्या ‘थंडरबर्ड्स’ या ब्रिटिश बाहुल्यांच्या मालिकेत लेडी पेनेलोपी दिसायला खानदानी बाई, पण असते गुप्तहेर. ‘ब्रिजर्टन’मधली पेनेलोपी समारंभात कोपऱ्यात उभी राहते आणि घरी जाऊन टोपणनावाने साऱ्या उच्चभ्रूंच्या भानगडी छापते. लोकांसमोर एक, रात्री दुसरंच. नातीला मी मूळ गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, “आजी, म्हणजे नाव विचार करूनच ठेवलंय.” मलाही तसंच वाटतं.

पुढच्या वेळी तिचं चित्र काढाल तेव्हा उभा माग दाखवा. वरून सोडलेला ताणा, खाली तो ताणून धरणारी वजनं, आणि मागासमोर उभी असलेली बाई. चित्रकारांना धोटा (बाण्याचा धागा इकडून तिकडे नेणारं साधन) जवळून पाहायचा असेल तर बाबांचा माझ्या कपाटात आहे, केव्हाही या.

आपली,
एक वाचक, तांडापेठ, नागपूर