रिक्लायनरची ऑर्डर कॅन्सल कर

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास की रिक्लायनर बुक केलाय, बटण दाबलं की खुर्चीच माणसाला उचलून उभं करते, बाबांना उठायचा त्रास नको. मी हो हो म्हणलं कारण बाबा शेजारीच बसलेले आणि तू एवढा खुशीत होतास की मोडता घालवेना. पण रात्रभर डोक्यात तेच, म्हणून आता बाबा दुपारचे झोपलेत तोवर लिहून काढते. ती ऑर्डर कॅन्सल कर. रागावू नकोस, आधी सगळं वाच.

जानेवारीत न्यूमोनिया झाला तेव्हा तू रजा काढून इथे होतास, हॉस्पिटलातलं सगळं तू बघितलंयस. घरी आल्यानंतरचं नाही. छाती साफ झाली, रिपोर्ट चांगले आले, पण घरी आलेला माणूस वेगळाच. दिवाळीत ५९ किलो होते ते ५४ वर आले, मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकायचं. आणि मला सगळ्यात जास्त कशाचं लागलं सांगू, पंचाचं. आंघोळ झाली की आपला पंचा आपणच पिळून दोरीवर टाकायचा हा त्यांचा जन्माचा नियम. एसटीत तीस वर्षं तिकिटं पंच केलेला हात तो, त्यांनी पिळलेल्या पंचातून थेंब गळायचा नाही. डिस्चार्जनंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी मागच्या दारी गेले तर दोरीवरचा पंचा टपटप गळतोय आणि खाली फरशीवर हे एवढं तळं. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. गुपचूप परत पिळून टाकला.

त्यानंतर दोन महिने मी काय केलं तर जे तू आता रिक्लायनर पाठवून करतोयस तेच. पाणी हातात, ताट कॉटवर, पेपर मीच आणून द्यायचा, बाथरूमला निघाले की धावत जाऊन दंड धरायचा. येणारा जाणारा प्रत्येकजण सांगणार, काका आता फक्त आराम करायचा हं. हॉस्पिटलात तरी काय, अकरा दिवसांत कुणी दोन पावलं चालवलं नाही, पडतील म्हणून कॉटला कठडे लावून ठेवले. नंतर व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं सांगितलं की अमेरिकेत २००७ सालच्या एका अभ्यासात धडधाकट म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम दहा दिवस झोपवून ठेवलेलं, आजार काही नाही, नुसतं झोपायचं, तरी पायांतलं जवळजवळ किलोभर मांस गेलं. दहा दिवसांत! बाबांचे अकरा तिथे आणि वर माझ्या कृपेनं इथे साठ.

ही मुलगी मार्चपासून येते, तुझ्यापेक्षा लहान, स्कूटीवर. पहिल्याच दिवशी तिनं जेवणाच्या टेबलाची साधी लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाली, काका हाताची घडी छातीवर, तीस सेकंदांत जेवढ्यांदा पूर्ण उभं राहून बसता येईल तेवढ्यांदा करायचं. बाबांनी दोनदा पुढे झोका घेतला, जमेना, तिसऱ्यांदा घडी सुटली आणि गुडघ्यावर हात दाबून उठले. हात लावला की मार्क शून्य, असं म्हणली ती. चेहरा बघायला हवा होतास. मग म्हणली काकू तुम्हीपण करा, मी केले अकरा. बाबांच्या वयाच्या पुरुषाचे, म्हणजे ७५ ते ७९, अकराच्या खाली आले तर ताकद कमी समजतात आणि माझ्या वयाच्या बाईचे दहाच्या खाली. म्हणजे मी काठावर पास, उगाच मिरवायला नको.

असं अंगातली ताकद ओसरून माणूस खचत जातो, त्याला फ्रेल्टी म्हणतात म्हणे. मी समजत होते वय झालं की असंच व्हायचं, पण डॉक्टर लोक त्यात पाच गोष्टी बघतात, आपोआप वजन उतरणं, सतत थकवा, हाताची पकड कमी होणं, चाल मंदावणं आणि हालचालच कमी होणं, त्यातल्या तीन असल्या की माणूस फ्रेल. मी बोटं मोजत बसले, बाबांच्या पाचही निघाल्या. पकड म्हणल्यावर तो पंचाच डोळ्यासमोर.

पण हे परत फिरवता येतं, निदान थोडंफार, आणि याच गोष्टीनं बाबा पेटले. १९९० मध्ये बोस्टनला एका वृद्धांच्या संस्थेत ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम दिले, हलकंफुलकं नाही, चांगलं जड, एकानं सोडलं, नऊ जण टिकले आणि पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतली माणसं! बाबा म्हणाले मग मी तर पोरगाच आहे. तिथेच पुढे १९९४ ला शंभर जणांवर केलं, काहींना व्यायाम, काहींना नुसतं पौष्टिक पेय, काहींना दोन्ही. नुसतं पेय प्यायलेल्यांची ताकद काही वाढली नाही. हे ऐकून मी कपाटातल्या तुझ्या प्रोटीन पावडरच्या तीन डब्यांकडे बघितलं. वाया नाही घालवत, दुधातून देते, शिवाय रोज दोन अंडी, मटकी, ताक. किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं म्हणून गुरुवारचा उपास मी बंद केला त्यांचा, देवाला मी सांगते म्हणलं. पण डबा पाठवून पाय चालत नाहीत रे.

आता रिक्लायनरचं. मी एक दिवस मुद्दाम मोजलं, बाबा दिवसभरात बसल्या जागेवरून तेवीस वेळा उठले. बेल वाजली, पाणी, बाथरूम, टीव्हीचा रिमोट, माझ्याशी भांडायला. तेवीस! फिजिओ आठवड्यातून तीनदा येऊन जे करून घेते त्याहून हे जास्त झालं. तुझी खुर्ची आली की हे तेवीसच्या तेवीस मोटर करणार. ज्यांच्या पायात खरंच काही उरलेलं नाही त्यांना ती खुर्ची देवासारखी, मी नाही म्हणत नाही, पण बाबांना अजून ती वेळ आलेली नाही, आणि त्या खुर्चीत बसवलं की नक्की येईल.

बाकी आमचं बरं चाललंय. तुझी जुनी जीन्स फाडून पायाला बांधायच्या पिशव्या शिवल्या, वाळू भरून वाण्याकडे वजन करून आणल्या, अर्धा किलोपासून सुरू केलं, आता एक किलोची बांधून खुर्चीत बसून पाय सरळ करतात. ओट्याला धरून टाचा उचलतात, मी पोळ्या करत असते तेव्हा, म्हणजे नजरही राहते. उठाबशांचा आकडा कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहिते. एप्रिलमध्ये उठल्यावर चक्कर यायला लागली तेव्हा मी घाबरून चार दिवस बंद ठेवलं, डॉक्टरांनी उभं करून, झोपवून बीपी बघितलं, एक गोळी कमी केली, मग चक्कर थांबली. मे महिन्यात उकाड्यानं पंधरा दिवस बुडाले आणि आकडा लगेच खाली आला. आता सात. हात न लावता सात. अकरा अजून लांब आहेत. रविवारी रिक्षानं प्रीतिसंगमावर गेलो होतो, गेटपासून तिसऱ्या बाकापर्यंत चालले, तिथं जुना मित्र भेटला, मग बसलेच तासभर, कृष्णेकडे बघत एसटीच्या गप्पा. पंचा अजून गळतो, पण तळं होत नाही, आणि मी तो परत पिळायचं सोडलंय.

तुला पाठवायचंच असेल तर बाथरूमच्या भिंतीला स्टीलची मजबूत दांडी लावायला पैसे पाठव, सक्शनवाली नको, ती निसटते. कमोड बसवलास ते फार बरं केलंस, ते मी मान्य करते. आणि मागून बंद असलेले बूट, नऊ नंबर, स्लिपर घालून पाय घासत चालतात त्याची मला भीती वाटते.

गणपतीला आलास की एक मात्र कर. ते खुर्चीतून उठायला लागले की धावू नकोस. पुढे सरकतील, पाय मागे घेतील, एकदा फसेल, मग उठतील. शेजारी उभा रहा, हात खिशात ठेव. मला अजून जमत नाही नीट, पदर पिळत उभी राहते.

आत कॉट करकरली, उठतायत वाटतं. मी जात नाहीये.

तुझी,
आई