पहिली मेन हेवी आर्टिलरी

महोदय,
अमेरिकेतील यादवी युद्धावरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. गेटिसबर्गवर भरभरून लिहिले आहे, व्हर्जिनियातील पीटर्सबर्गची लढाई मात्र एका ओळीत आटोपली. निदान युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्यातील मेन राज्याच्या पहिल्या मेन हेवी आर्टिलरी या पलटणीचा उल्लेख हवाच होता.

ऑगस्ट १८६२ मध्ये बँगोर येथे उभी राहिलेली ही स्वयंसेवकांची पलटण मुळात पायदळाची. पुढे तिला तोफखान्याचा दर्जा देऊन वॉशिंग्टनभोवतीच्या किल्ल्यांवर नेमले. जवळपास दीड वर्ष तिने तेथील अवजड तोफा सांभाळल्या. मे १८६४ मध्ये युनियनचे सरसेनापती ग्रँट यांना माणसे कमी पडू लागली, तेव्हा हे तोफची बंदुका घेऊन पायदळ म्हणून आघाडीवर गेले. १९ मे रोजी हॅरिस फार्मजवळच्या पहिल्याच मोठ्या लढाईत त्यांची जबर हानी झाली.

खरा घात १८ जूनला झाला. पीटर्सबर्गबाहेर शत्रूने, म्हणजे दक्षिणेच्या सैन्याने, खंदक खणून पक्की मोर्चेबांधणी केली होती. मध्ये उघडे शेत, आडोसा कसलाच नाही. कर्नल डॅनियल चॅपलिन यांच्या सुमारे ९०० जणांनी त्यावर चाल केली आणि पाठीशी येणाऱ्या तुकड्या आल्याच नाहीत. काही मिनिटांत ६००हून अधिक जण पडले. त्या हल्ल्याचा हुकूम देणे अक्षम्यच होते, असे माझे ठाम मत आहे. ऑगस्टमध्ये चॅपलिनही डीप बॉटम येथे प्राणघातक जखमी झाले.

युनियनच्या कोणत्याही पलटणीपेक्षा जास्त, ४२३ जण या पलटणीने लढाईत गमावले. पुढील लेखात त्यांना जागा द्यावी, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक, पुणे