१० हजार पक्षी नव्हे, १० हजार जोड्या

संपादकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आतल्या पानावर "जगात उरले फक्त १० हजार पेंग्विन" अशी चौकट वाचली आणि चहा तसाच गार झाला. अहो, ती गोष्ट सगळ्या पेंग्विनची नाही, फक्त आफ्रिकन पेंग्विनची आहे, जो नामिबियापासून दक्षिण आफ्रिकेच्या अल्गोआ बेपर्यंत राहतो आणि ज्याने जन्मात बर्फ बघितलेला नसतो (फोटो मात्र बर्फावरच्या एम्परर जातीच्या पेंग्विनचा!). आणि १० हजारांपेक्षा कमी हा आकडा पक्ष्यांचा नाही, अंडी घालणाऱ्या जोड्यांचा आहे. संख्या इतक्या झपाट्याने घटली म्हणूनच २०२४ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला क्रिटिकली एन्डेंजर्ड, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी काठावरचा, ठरवलं.

आता कोणी म्हणेल, दोनने गुणा की, त्यात काय एवढं. पण तसं होत नाही ना. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे केपटाऊनला गेलो होतो तेव्हा बोल्डर्स बीचवर लाकडी फळ्यांच्या वाटेवर उभं राहून मी स्वतः मोजायला गेलो, चाळिसापर्यंत पोचेतो पाच जण पाण्यात, तीन बाहेर, आणि बाजूच्या झुडपातून गाढव ओरडल्यासारखा आवाज, वाकून बघतो तर बिळात एकजण अंडं पोटाखाली घेऊन बसलेला. तो माझ्या चाळिसात नव्हताच!

म्हणून तिथले लोक मुख्यतः घरटी मोजतात. झुडपाखाली, कपारीत डोकावायचं, अंडं, पिल्लू किंवा घर राखणारा पक्षी दिसला की एक जोडी धरायची. पण ही मंडळी वर्षभर कधीही अंडी घालतात, मासळी कमी असली की काही जोड्या त्या वर्षी घरटंच करत नाहीत, आणि वयात न आलेली पोरं तर या हिशोबात येतच नाहीत. त्यावरचा उपाय मला भारी वाटला. वर्षातून एकदा पिसं बदलताना पक्षी जवळपास तीन आठवडे समुद्रात जाऊ शकत नाही, कारण तेवढे दिवस अंग वॉटरप्रूफ नसतं, बिचारा उपाशीच उभा राहतो. दर दोनेक आठवड्यांनी असे पक्षी मोजले की घरटं न केलेलेही हिशोबात येतात.

आणि एकूण आकडा सोडा, कुठे किती ते बघा. १९५६ च्या गणतीत १ लाख ४१ हजार जोड्या होत्या. पुढे सार्डिन म्हणजे आपले पेडवे आणि अँकोव्ही म्हणजे मांदेलीची भावकी, ही मासळी पूर्वेकडे सरकली, पेंग्विन मात्र आपलं बेट सहसा सोडत नाही, त्यामुळे पश्चिमेकडची डासेन, रॉबेन बेटं ओस पडत चालली. पूर्वेला सेंट क्रॉय बेटावरची ही एकेकाळची सगळ्यात मोठी वसाहत, २०१६ पासून शेजारच्या समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात तेल भरणं सुरू झालं आणि तिथलीही संख्या कोसळली. उलट बोल्डर्सला १९८२ मध्ये दोनच जोड्या होत्या, आज तिथे तिकिटाला रांग, म्हणून माझ्यासारख्याला वाटतं सगळं आलबेल आहे.

मार्च २०२५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने सहा वसाहतींभोवती १० वर्षं सार्डिन-अँकोव्हीची मासेमारी बंद ठेवायचा आदेश दिला, तुमच्या चौकटीत त्याची एक ओळ नाही. तेव्हा दुरुस्ती छापाल तेव्हा ती ओळ टाका, 'जोड्या' हा शब्द टाका आणि फोटो बदला. राणीबागेतला पण नको, ते हम्बोल्ट आहेत, पेरू-चिलीकडचे.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली