‘दुसरे काही औषध चालू आहे का?’

नागपूर,
मे महिन्यातला दुसरा रविवार

चि. छोटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू थकव्याचे सांगितलेस, हिमोग्लोबिन ९ आले म्हणालीस, आणि कचेरीजवळच्या डॉक्टरांनी लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्याचे बोलता बोलता सांगून मोकळी झालीस. मी विचारले, आपल्या गोळीचे त्यांना सांगितलेस का? त्यावर तू हसून म्हणालीस, ‘दुसरे काही औषध चालू आहे का, असे त्यांनी विचारले होते, मी नाही म्हटले.’ त्या एका ‘नाही’ने माझी रात्रीची झोप गेली. मागून तुझ्या खोलीतल्या मैत्रिणींचे आवाज येत होते, म्हणून तेव्हा गप्प बसले. हे पत्र वाचून झाल्यावर ठेवायचे की फाडायचे, ते तू ठरव.

आधी तातडीचे लिहिते. आपल्या एचआयव्हीच्या गोळीत टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम अशी तीन औषधे आहेत. त्यांतल्या डोल्युटेग्राव्हिरचे लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि जस्त यांच्याशी पटत नाही. पोटात दोन्ही एकाच वेळी आले की धातू त्या औषधाला धरून बसतो आणि ते आतड्यातून रक्तात उतरण्याऐवजी बरेचसे तसेच बाहेर पडते. लोहाच्या गोळीवर चहा घेऊ नये, असे अंगणवाडीतल्या ताई गरोदर बायांना सांगतात. तिथेही लोहाला चहातला घटक असाच धरून ठेवतो. म्हणून आपली गोळी या औषधांच्या दोन तास आधी तरी घ्यावी किंवा त्यांच्यानंतर सहा तासांनी घ्यावी. लोह आणि कॅल्शियमच्या बाबतीत एक सवलत आहे, ती म्हणजे पोटभर जेवणासोबत त्यांना आपल्या गोळीबरोबर घेतले तरी चालते. रिकाम्या पोटी मात्र मुळीच नाही. ॲसिडिटीच्या औषधांपैकी ज्यांत ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असते, त्यांना ही सवलत नाही. तुझी गोळी रात्री नऊची आहे, तेव्हा कॅल्शियम सकाळच्या नाश्त्यानंतर आणि लोह दुपारी एकच्या सुमारास घेतलेस, तर कशाचाच कशाला त्रास होणार नाही.

हे मला पुस्तक वाचून कळलेले नाही, आणि तेच तुला आजवर सांगितले नव्हते. चार वर्षांपूर्वी, तू अंतिम वर्षाच्या परीक्षेत असताना, माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचा आकडा, २,३०० आला होता. त्याआधी तो कित्येक दिवस सापडतसुद्धा नव्हता. औषधे मिळतात त्या केंद्रातल्या काउन्सेलर बाईंनी समोर बसवून विचारले, ‘किती गोळ्या चुकल्या?’ मी म्हणाले, एकही नाही. आणि ते खरे होते. त्यांनी डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या, तारखेशी ताळा केला आणि हिशेब बरोबर निघाला. मग त्यांनी थोडे थांबून विचारले, ‘गोळीसोबत आणखी काय घेता?’ मी म्हटले, ‘जळजळ होते म्हणून गोळीवर दोन चमचे पातळ औषध घेते, आणि गुडघ्यासाठी कॅल्शियम, तेही लक्षात राहावे म्हणून त्याच वेळी.’ बाई काही क्षण बोलल्याच नाहीत. गुडघ्याच्या डॉक्टरांनीही मला तुला विचारला तोच प्रश्न विचारला होता आणि मीही तेच उत्तर दिले होते. पाच-सहा महिने मी रोज न चुकता गोळी घेत होते आणि रोज तिच्यावर पाणी फिरवत होते. वेळा बदलल्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली आणि विषाणू पुन्हा सापडेनासा झाला, म्हणून निभावले. नाहीतर औषधाला न जुमानणारा विषाणू अंगात तयार झाला असता आणि मग दुसऱ्या फळीच्या औषधांकडे वळावे लागले असते.

ही लपवण्याची सवय तुला माझ्याकडूनच लागली, हे मला कबूल आहे. तुझे बाबा २००७ मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी माझी व तुझी औषधे सुरू झाली. सरकारने ही औषधे १ एप्रिल २००४ पासून मोफत द्यायला सुरुवात केली होती, म्हणून आपण आहोत. विकत घेऊन ती मला परवडली नसती. औषधे आणायला जाताना मेडिकल चौकाच्या एक थांबा आधी मी ऑटोतून उतरत असे आणि तुला कडेवर घेऊन उरलेले अंतर चालत असे. उन्हाळ्यात बरे असे, कारण आपल्या नागपुरात मे महिन्यात प्रत्येक बाईच्या तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला असतो. पंचाईत हिवाळ्यात होई. तेव्हाच्या गोळीत स्टॅव्हुडिन नावाचे औषध होते, त्याने पायांना मुंग्या येत आणि गाल बसत, आणि गाल बसले की मोहल्ल्यातल्या नजरा बोलू लागत. म्हणून मी डबीवरचे लेबल पाण्यात भिजवून खरवडून काढत असे आणि गोळ्या एका जुन्या कॅल्शियमच्या डबीत ओतून ठेवत असे. तू लहानपणी तिला ‘आईची हाडांची गोळी’ म्हणायचीस.

आज त्या डबीचा मला राग येतो. गोळ्या मूळ डबीत ठेवायच्या असतात, कारण तिच्यात ओल शोषणारी लहानशी पुडी असते आणि झाकण घट्ट बसते. आणि जागा ३० अंशांच्या आतली हवी असते. इथे पारा ४५ च्या वर जातो, त्यात मी ती डबी शेगडीवरच्या फळीवर ठेवत होते. कूलरसमोरही ठेवू नये, तिथे हवा दमट असते. आता मी ती मधल्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवते, लेबलासकट. तुझ्या खोलीत लेबल उघडे ठेवणे तुला जमणार नसेल, तर मूळ डबीच एखाद्या कापडी पिशवीत घाल, पण गोळ्या बाहेर काढू नकोस.

कोणापासून लपवायचे आणि कोणापासून नाही, यात मी आयुष्यभर घोटाळा केला. घरमालक, कचेरीतले साहेब, सोबतच्या मुली यांना काहीही सांगायला तू बांधलेली नाहीस. २०१७ चा एचआयव्हीविषयीचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार या कारणावरून नोकरी नाकारता येत नाही, उपचार नाकारता येत नाहीत, आणि तुझ्या संमतीशिवाय तुझी माहिती उघड करायला मनाई आहे. पण जो माणूस तुझ्या हातात औषधाची चिठ्ठी देतो, त्याला सांगितलेच पाहिजे. आजाराचे नाव तोंडातून निघत नसेल तर औषधांचे नाव सांग. ‘मी रोज टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राव्हिर घेते’ एवढे म्हटलेस की जाणत्या डॉक्टरला पुढचे विचारावे लागत नाही. ऐकून कोणी तोंड वाकडे केलेच, तर तो डॉक्टर बदल. मला असा एक भेटला होता आणि त्याच्या पायरीवरून उतरताना मी ठरवले की यापुढे कोणालाच सांगायचे नाही. माझी खरी चूक तीच झाली.

औषधाच्या दुकानातून मनाने काही आणू नकोस. अंगदुखीसाठी दुकानदार डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या सहज काढून देतात. आपल्या टेनोफोव्हिरचा भार आधीच मूत्रपिंडांवर असतो, त्यात या गोळ्या दिवसेंदिवस घेतल्या तर तो वाढतो. क्रिएटिनिनची तपासणी चुकवायची नाही, ती त्यासाठीच असते. खोकला, ताप, घटते वजन किंवा रात्रीचा घाम, यांपैकी काहीही दिसले तर थेट केंद्रात जा. क्षयाच्या औषधांतले रिफाम्पिसिन डोल्युटेग्राव्हिरची रक्तातली पातळी खाली आणते, म्हणून तेव्हा डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा द्यावे लागते. हे परक्या डॉक्टरला कोण सांगणार, तू नाही सांगितलेस तर? फिट्सच्या काही औषधांचेही असेच आहे. मधुमेहाचे मेटफॉर्मिन आपल्या गोळीसोबत रक्तात वाढते, त्याची मात्रा डॉक्टर कमी ठेवतात. ते तुला आज लागत नाही, मला लागते.

भस्मांचेही लिहून ठेवते, कारण तुझी मावशी तुला पुड्या पाठवल्याशिवाय राहणार नाही. शंखभस्म म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि लोहभस्म म्हणजे लोह; वैद्याच्या पुडीत आले म्हणून ते आपल्या गोळीला सोडत नाही. मुळापासून बरे करून देतो म्हणणारे महाराजही तुझ्या आजीने मला दाखवले होते. आपण दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडतो, मीही गर्दीत उभी राहून ओरडले आहे. पण घरी येऊन नऊ वाजता गोळी घेतली आहे.

एखाद्या दिवशी गोळी विसरलीस तर आठवेल तेव्हा लगेच घे. पुढच्या गोळीला चार तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल, तर चुकलेली सोडून दे. दोन एकदम कधीही घेऊ नकोस. उपवास असला तरी अडत नाही, आपली गोळी रिकाम्या पोटीही चालते. ती घेतल्यावर झोप लागत नसेल, तर केंद्रात विचारून सकाळची वेळ धर, मात्र मग लोह आणि कॅल्शियमचे गणित नव्याने मांडावे लागेल. आणि मनाने गोळी बंद करायची नाही, चार दिवससुद्धा नाही.

एक गोष्ट समोर बसून मला बोलता आली नसती. व्हायरल लोड सातत्याने न सापडण्याइतका असला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचार नीट चालू असले तर मूलही निरोगी होऊ शकते. माझ्या वेळी हे मला कोणी सांगितले नाही. तुला जेव्हा कोणी आवडेल, तेव्हा त्याला काय सांगायचे ते तू ठरवशील, पण तोपर्यंत तुझ्या कार्डावरचा तो आकडा खाली ठेव.

उद्या त्या डॉक्टरांकडे पुन्हा जा. ‘परवा एक सांगायचे राहिले’ एवढ्यावर सुरुवात कर. हिमोग्लोबिन का उतरले, हेही त्यांना आता वेगळ्या नजरेने पाहता येईल. लोह आणि कॅल्शियम किती दिवस कसे घेतलेस ते तुमच्या तिकडच्या केंद्रातही सांग, म्हणजे व्हायरल लोडची तपासणी लवकर करायची का ते तिथले लोक ठरवतील. डबीत किती गोळ्या उरल्या ते मला कळवू नकोस, आता ते मोजणे तुझे आहे.

तुझी,
आई

ता. क. मागच्या पार्सलात संत्राबर्फीच्या खाली मीच मल्टिव्हिटॅमिनची एक बाटली घातली होती. आज चष्मा लावून दुसरी बाटली वाचली, तर तिच्यावर लोह, जस्त आणि मॅग्नेशियम तिन्ही लिहिलेले आहेत. तीही दुपारी घे, किंवा डॉक्टर नको म्हणाले तर टाकून दे.