१५ किलोहर्ट्‌झचा फिल्टर कानासाठी नसतो

संपादक महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतल्या एफएम स्टिरिओ एन्कोडरवरील (डावा-उजवा आवाज एका सिग्नलमध्ये गुंफणाऱ्या यंत्रावरील) लेखात ऑडिओ लो-पास फिल्टर (ठरावीक वारंवारतेच्या वरचे कापणारा) एका वाक्यात उरकला आहे: १५ किलोहर्ट्‌झच्या वरचे फारसे ऐकू येत नाही, म्हणून ते कापायचे. खरे कारण वेगळे आहे, आणि ते कळले नाही तर फिल्टर हमखास चुकतो.

स्टिरिओ सिग्नलमध्ये डाव्या-उजव्याची बेरीज १५ किलोहर्ट्‌झपर्यंत, वजाबाकी ३८ च्या दोन्ही अंगांना २३ ते ५३ पर्यंत आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात १९ वर पायलट (रिसीव्हरला स्टिरिओ उलगडायला मदत करणारा स्थिर सूर) असतो. फक्त डाव्या चॅनेलमध्ये १८ किलोहर्ट्‌झचा सूर शिरला, तर बेरजेतून तो १८ वर आणि वजाबाकीतून २० वर उमटतो, म्हणजे पायलटला दोन्हीकडून खेटतो. रिसीव्हरचा फेज-लॉक लूप (पायलटशी ताल जुळवणारे सर्किट) तिथेच डळमळतो. २५ किलोहर्ट्‌झचा गोंगाट तर ३८ मधून वजा होऊन १३ वर येतो आणि चक्क ऐकू येतो.

त्यामुळे १५ पर्यंत सपाट आणि १९ वर निदान ५० डेसिबल घट हवी. १५ वर बेतलेला चौथ्या क्रमाचा (क्रम मोठा तितका उतार तीव्र) बटरवर्थ, म्हणजे सपाट पण मंद उताराचा फिल्टर, १९ वर जेमतेम ९ डेसिबल देतो. बटरवर्थनेच ५० गाठायचे तर क्रम २५ लागेल. सातव्या क्रमाचा एलिप्टिक (तीव्र उताराचा प्रकार) हे ०.१ डेसिबल रिपलमध्ये, म्हणजे सपाट भागातल्या तेवढ्याच चढउतारात, करतो. त्याची पहिली खाच (सिग्नल जवळपास पूर्ण दबतो ती वारंवारता) नेमकी १९ वर बसवावी. एलसी (कॉइल-कपॅसिटर) बांधणीत १० मिलिहेन्रीला ७.०२ नॅनोफॅरड लागतात: ६.८ नॅनोफॅरडला समांतर २२० पिकोफॅरड. कपॅसिटर ५ टक्के चुकला तर खाच सुमारे ४७५ हर्ट्‌झ सरकते, म्हणून कॉइलचा गाभा फिरवून आउटपुट किमान होईल तिथे थांबावे. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीन किंवा एनपी-झीरो (स्थिर धारितेचे सिरॅमिक) वापरावेत. एक्स-सेव्हन-आर सिरॅमिक नकोच, व्होल्टेजबरोबर त्याची धारिता बदलते आणि विरूपण येते.

फिल्टरची जागा प्री-एम्फसिस (प्रसारणाआधी वरचे सूर उचलणे) आणि क्लिपरच्या (ठरावीक पातळीवरची शिखरे छाटणाऱ्या टप्प्याच्या) नंतर. ५० मायक्रोसेकंदाचे प्री-एम्फसिस १५ किलोहर्ट्‌झ जवळपास १४ डेसिबलने उचलते, आणि क्लिपर नव्या हार्मोनिक्स तयार करतो. पण इथेच एक पेच आहे. ६ किलोहर्ट्‌झचा सूर कापून चौकोनी झाला की त्याची १८ वरची हार्मोनिक फिल्टर काढून टाकतो, आणि उरलेला मूळ सूर क्लिपिंगच्या पातळीपेक्षा २.१ डेसिबल उंच जातो. फिल्टरचा असमान विलंब त्यात भर घालतो. असे पातळीबाहेर जाणे, म्हणजे ओव्हरशूट, सावरणारा टप्पा नसेल तर डेव्हिएशन (वाहक लहरीची वारंवारता किती हलते ते) तेवढे खाली ठेवावेच लागते.

दोन फिल्टर डाव्या-उजव्यात ठेवले तर त्यांच्यातला फरक मोनोत वरच्या सुरांचा भाग बिघडवतो, चॅनेल मात्र मिसळत नाहीत. बेरीज-वजाबाकीत ठेवले तर ४० डेसिबल सेपरेशनसाठी (डावे-उजवे तेवढे वेगळे राहण्यासाठी) फरक ०.१७ डेसिबल किंवा १.१५ अंशाच्या आत हवा. सुट्या भागांनी हे साधणे कठीण, म्हणून पहिलीच रचना बरी. डिजिटलमध्ये नमुना-दर ४८ किलोहर्ट्‌झला कैसर विंडो पद्धतीने आखलेल्या फिल्टरचे साधारण ४५ टॅप (गुणक) ६० डेसिबल घट देतात, विलंबही सर्व वारंवारतांना सारखाच.

तपासताना पायलट बंद करून डाव्या इनपुटला पूर्ण पातळीचा १९ किलोहर्ट्‌झ द्यावा आणि एन्कोडरच्या आउटपुटवर १९ पाशी काय उरते ते मोजावे. पायलट चालू ठेवून केलेल्या मोजणीत तोच दिसतो, गळती झाकली जाते.

— एक ध्वनी अभियंता