‘कारण अज्ञात’ लिहून बंद होणाऱ्या नोंदींबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गर्भपात झालेल्या स्त्रीच्या कागदांवर अनेकदा शेवटी दोनच शब्द उरतात : ‘कारण अज्ञात’. तिचे मन मात्र तिथे थांबत नाही. जड बादली उचलली म्हणून झाले का, अंगावर काढलेल्या तापामुळे झाले का, असे ती स्वतःलाच विचारत राहते. एखादी बादली उचलल्याने गर्भ पडत नाही, असा दिलासा तिला देता येतो. तापाचा प्रश्न मात्र इतक्या सहज बाजूला सारता येत नाही, आणि हे पत्र त्या प्रश्नाविषयी आणि त्याच्याशी जोडलेल्या अ‍ॅनंडामाइड या शरीरातीलच एका रेणूविषयी आहे.

१९९२ साली जेरुसलेममधील राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून एक स्निग्ध रेणू वेगळा करण्यात आला. गांजातील टीएचसी हे नशा आणणारे रसायन पेशींवरील ज्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटते, त्याच ग्राहींना चिकटणारा हा रेणू शरीर स्वतःच तयार करते. संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून त्याचे नाव अ‍ॅनंडामाइड ठेवले गेले. या नावाचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच गर्भाशयातील त्याची करणी वाचताना ते नाव जरा बोचते.

उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की गर्भ जिथे रुजतो, नेमक्या त्या जागी अ‍ॅनंडामाइडची पातळी खाली आलेली असते आणि दोन गर्भांच्या मधल्या भागात ती जास्त असते. पातळी चढीच राहिली तर गर्भ रुजत नाही; उलट, ज्या उंदरांत अ‍ॅनंडामाइडला चिकटण्यासाठी लागणारा सीबी-१ हा ग्राहीच नाही, त्यांच्यात अनेक गर्भ गर्भाशयापर्यंत न पोहोचता बीजवाहिनीतच अडकून पडतात. म्हणजे हा रेणू नको आहे असे नाही, तो मापात हवा आहे. हे माप राखण्याचे काम मुख्यतः अ‍ॅनंडामाइडचे विघटन करणारे एफएएएच हे विकर (एन्झाइम) करते आणि गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे रक्तातील लसिका पेशींमध्ये (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) या विकराला बळ मिळते. पुढे गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या लसिका पेशींत हे विकर कमी असल्याचे इटलीतील संशोधकांनी २००० सालीच ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले होते.

ताप किंवा संसर्गाच्या वेळी शरीरात उठणाऱ्या दाहाचा धागा इथेच येऊन मिळतो. अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्स येथील संशोधकांनी गाभण उंदरांना जिवाणूंच्या आवरणातील विषारी घटक टोचला, तेव्हा अ‍ॅनंडामाइडची पातळी बदलली, नायट्रिक ऑक्साइड वाढले, प्रोजेस्टेरॉन घसरले आणि गर्भ विरून गेले. सीबी-१ नसलेल्या उंदरांत ही हानी कमी झाली. गंमत अशी, आणि ‘गंमत’ हा शब्द मी जड मनाने वापरते आहे, की शरीरात इतरत्र याच कुळातील रेणू दाह शमवण्याचे काम करतात. ‘नैसर्गिक’ आणि ‘दाहशामक’ अशी विशेषणे लावून सीबीडी या गांजाच्याच झाडातील रसायनाचे तेल विकणाऱ्यांना दाह शमवण्याची ही अर्धी गोष्टच सोयीची असते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवरील २०१२ च्या एका अभ्यासात सीबीडी घेणाऱ्यांच्या रक्तातील अ‍ॅनंडामाइड वाढलेले आढळले होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये गर्भारपणात आणि स्तनपानाच्या काळात सीबीडी, टीएचसी वा गांजा कोणत्याही रूपात घेऊ नये असा स्पष्ट सल्ला दिला. तसाच इशारा आपण बाटलीवरच ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक करावे, ही माझी पहिली विनंती आहे.

दुसरी विनंती थोडी किचकट आहे, पण माझ्या लेखी तीच महत्त्वाची आहे. गर्भपाताची लक्षणे दिसत असूनही गर्भ जिवंत होता अशा स्त्रियांचा एक अभ्यास इंग्लंडमधील लेस्टरहून २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा गर्भ पुढे पडला त्यांच्या रक्तात अ‍ॅनंडामाइड आधीपासूनच जास्त होते. परंतु त्या अभ्यासातील स्त्रियांची संख्या पन्नासच्याही आत होती, आणि एवढ्या आधारावर कोणाच्या हाती ‘गर्भपाताचा धोका ओळखणारी चाचणी’ देणे हा त्या स्त्रियांवर अन्याय ठरेल. अशा चाचणीला आज परवानगी देऊ नये.

मोठा अभ्यास करायचा तर अडचण रक्ताच्या नळीपासूनच सुरू होते. रक्त काढल्यानंतरही त्यातील पेशी अ‍ॅनंडामाइड बाहेर सोडत राहतात. नळी तत्काळ बर्फात ठेवून प्लाझ्मा लवकर वेगळा केला नाही, मावशी किंवा मामा नमुने न्यायला येईपर्यंत ती टेबलावरच पडून राहिली, तर पुढे वस्तुमान वर्णपटमापक यंत्र कितीही उत्तम असले तरी ते बाईच्या शरीरातील नव्हे, नळीतील घडामोड मोजते. शिवाय सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भपातांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असतो. पडलेल्या गर्भाच्या ऊतीची गुणसूत्र तपासणी झाली नाही, तर दाहामुळे गेलेला गर्भ आणि मुळातच न टिकणारा गर्भ यांची सरमिसळ होऊन कोणताच निष्कर्ष हाती लागणार नाही.

म्हणून काही निवडक रुग्णालयांत, स्त्रीच्या लेखी संमतीने, एकाच पद्धतीने घेतलेले रक्ताचे नमुने, ऊतीची तपासणी आणि ताप, संसर्ग, गांजा वा सीबीडीचे सेवन यांची नोंद सुरू करावी. सेवनाची नोंद पोलिसांच्या हाती जाणार नाही याची कायदेशीर हमी आधी द्यावी. नाहीतर कोणी खरे सांगणार नाही. दरवर्षी जगात अंदाजे २ कोटी ३० लाख गर्भपात होतात, असा २०२१ मधील ‘द लॅन्सेट’चा हिशेब आहे, आणि तिसऱ्या गर्भपाताची वाट न पाहता पहिल्यानंतरच स्त्रीकडे लक्ष द्यावे, असा त्याच लेखमालेचा आग्रह होता. नमुने घेण्याची सुरुवातही पहिल्यापासूनच व्हावी.

एफएएएच रोखणारी, म्हणजे अ‍ॅनंडामाइड वाढवणारी औषधे वेदनाशामक म्हणून तपासली गेली आहेत, म्हणून एक शेवटचा मुद्दा. २०१६ मध्ये फ्रान्समधील रेन येथे अशाच एका औषधाच्या चाचणीत एका स्वयंसेवकाचा मृत्यू झाला होता. ती हानी त्या विशिष्ट रेणूच्या इतर परिणामांमुळे झाली असावी, असे पुढील अभ्यास सुचवतात. तरीही या वर्गातील कोणतेही औषध मंजुरीसाठी आपल्यासमोर आले, तर गर्भरोपणावरील त्याच्या परिणामांची वेगळी माहिती मागावी.

नमुने हाताळण्याच्या पद्धतीचा मसुदा तयार करण्यासाठी प्रसूतितज्ज्ञ, जैवरसायनतज्ज्ञ आणि स्वतः गर्भपात अनुभवलेल्या स्त्रिया यांची समिती आपण केव्हा नेमणार आहात, हे कृपया लेखी कळवावे.

आपली नम्र,
जैवरसायनशास्त्राची एक अभ्यासक