ज्येष्ठांना सूचना पुरे, आता पडद्यांची तपासणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलवरून झालेल्या फसवणुकीची बातमी आली की तिच्याखाली ज्येष्ठ नागरिकांसाठी सूचनांची चौकट हटकून छापली जाते. ओटीपी कोणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, सावध राहा. या सूचना चुकीच्या नाहीत आणि त्या बंद कराव्यात असेही माझे म्हणणे नाही. मात्र फसलेल्या माणसाचे अज्ञान हेच कारण गृहीत धरून आपण थांबतो आणि ज्या पडद्यावर, ज्या बटणापाशी ती चूक घडली त्याची तपासणी करण्याची गरज कोणालाच वाटत नाही, याकडे मला लक्ष वेधायचे आहे.

माणूस आणि यंत्र यांच्यातील व्यवहाराचा अभ्यास अशाच प्रश्नांतून पुढे आला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरल्यानंतर धावपट्टीवरच पोटावर बसत, कारण वैमानिक पंखांच्या झडपा मिटवण्याऐवजी चाकेच आत घेत. नोंद ‘वैमानिकाची चूक’ अशी होई. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की दोन्ही खटके शेजारी-शेजारी असून दिसायलाही सारखेच होते. त्याने एकाच्या मुठीला चाकाचा आणि दुसऱ्याच्या मुठीला झडपेचा आकार देण्याचा उपाय सुचवला. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या संशोधकांनी वैमानिकांच्या ४६० चुका तपासून त्यांतील कितीतरी चुकांचे मूळ उपकरणांच्या मांडणीत आहे, असे दाखवून दिले.

आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण यूपीआयचे आहे. समोरच्याच्या फोनवर पैशांची मागणी पाठवण्याची सोय त्यात होती. भामटा फोन करून सांगे, ‘तुमचे पैसे परत पाठवतोय, फक्त पिन टाका’, आणि पिन टाकताच खात्यातून रक्कम जाई. पैसे घेताना पिन लागत नाही, हे बँका, पोलीस आणि वृत्तपत्रे कानीकपाळी ओरडून सांगत राहिली, तरी लोक फसतच राहिले. कारण स्वतःहून पैसे पाठवताना आणि दुसऱ्याची मागणी मान्य करताना समोर येणारा पिनचा पडदा एकच असे, आणि नेमक्या त्या क्षणी कानाशी बोलणारा माणूस त्याचा उलटा अर्थ सांगत असे. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद केली. निर्णय योग्यच आहे, परंतु तो होईपर्यंत ज्यांची आयुष्याची पुंजी गेली त्यांना आपण ‘बेसावध’ म्हणत राहिलो.

बडोद्याच्या दांडिया बाजारात आम्ही काही जणी ज्येष्ठांना मोबाइल वापरायला शिकवतो. तिथे मी जे पाहते ते कोणत्याही सूचनेत येत नाही. बँकेच्या अ‍ॅपवर फॉर्म भरत असताना ओटीपीचा संदेश वरून सरकत येतो आणि वाचून होण्याआधीच निघून जातो. तो शोधायला आजी संदेशांमध्ये जातात, सहा आकडे पुटपुटत परत येतात, तोवर फॉर्म कोरा झालेला असतो. दुसऱ्या खेपेला त्या आकडे मोठ्याने वाचतात आणि शेजारी बसलेल्याला ते भरायला सांगतात. ओटीपी कोणाला सांगू नये हे त्यांना पाठ असते. पडद्याची रचनाच त्यांना तो सांगायला लावते. थरथरते बोट बटणावर क्षणभर जास्त टेकले की भलतीच यादी उघडते, आणि मग ‘माझ्याच हातून बिघडले’ म्हणून फोन बाजूला ठेवला जातो.

याउलट, माणसाच्या कामाची रीत पाहून केलेली वस्तू किती सहज रुळते, हे खंडेराव मार्केटमध्ये दिसते. भाजीवालीचे हात तराजूत गुंतलेले असतात, समोर चार गिऱ्हाईके उभी असतात. पैसे जमा झाल्याचे गाडीवरची डबी मोठ्याने सांगते आणि तिला फोनकडे पाहावे लागत नाही.

मे २०२४ मध्ये आपल्या शहरात विजेच्या प्रीपेड स्मार्ट मीटरविरुद्ध लोक रस्त्यावर आले, तेव्हा वाद मुख्यतः मीटर जास्त पळतो की नाही यावर झाला. मीटर अचूक असेलही. पण दोन महिन्यांनी हाती येणाऱ्या कागदी बिलावर ज्यांचे घरखर्चाचे गणित बसले आहे, ते अ‍ॅपवर रोज घटणारी शिल्लक कशी वाचतील? घरातला एकुलता एक स्मार्टफोन मुलाबरोबर कामावर गेलेला असताना शिल्लक संपत आल्याचा संदेश कोणाला मिळेल? ‘एक माणूस, एक फोन’ हे गृहीतक आपल्या घरांना लागू पडत नाही, हे संशोधक नित्या सांबशिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, पाकिस्तान व बांगलादेशातील स्त्रियांच्या फोनवापराचा अभ्यास करून २०१८ मध्येच मांडले होते. मोजक्या घरांत आधी जाऊन पाहिले असते तर हे प्रश्न मीटर बसवण्यापूर्वीच समोर आले असते. त्यासाठी फार मोठा खर्चही लागत नाही. जेमतेम पाच माणसांना एखादी गोष्ट वापरताना शांतपणे पाहिले तरी तिच्यातील बहुतेक ठळक दोष उघडे पडतात, असे याकोब नील्सन आणि टॉमस लँडावर या संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवले होते.

हे काम बडोद्यात होऊ शकते. महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानसशास्त्र, अभियांत्रिकी, ललित कला आणि गृहविज्ञान हे सारे विषय शिकवले जातात. वीज, पाणी, मालमत्ता कर किंवा बस यांचे कोणतेही नवे अ‍ॅप लोकांच्या माथी मारण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी शहरातील वृद्धांसोबत, गुजराती, मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या घरांत बसून ते तपासावे, आणि आढळलेले दोष संबंधित कार्यालयाने जाहीर करावेत. तपासणीच्या वेळी शिकवायचे नाही, बोट धरायचे नाही, फक्त पाहायचे, हे पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे.

आणखी एक मागणी. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा, २०२३ मध्ये संमती मागताना इंग्रजीबरोबरच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांचा पर्याय देण्याची तरतूद आहे आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा गुजरातमधील सार्वजनिक सेवांच्या अ‍ॅपमध्येही संमतीचा मजकूर मराठीत मिळावा, तो शब्दकोशातून उचललेला नसावा, आणि आपण कशाला ‘हो’ म्हटले हे चार-पाच वृद्धांना आपल्या शब्दांत सांगता येते का, याची खात्री करून मगच तो पक्का करावा.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे